मदत हवी आहे : उणे ३० मध्ये घोड्या, शेळ्या, कोंबड्या कशा सांभाळायच्या? (उत्तर मिनेसोटा)

विदुला_रानवाट

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आम्ही ह्यूस्टनचं बस्तान हलवून उत्तर मिनेसोटात, बेमिजीच्या बाहेर, थोडी जमीन असलेलं घर घेतलं. घरासोबत एक लाकडी तबेला मिळाला आणि तबेल्यासोबत चोवीस वर्षांची एक घोडी. जुने मालक वृद्धाश्रमात गेले, तिथे हिला कोण घेणार! म्हातारीला आम्ही जिजी म्हणतो. दुसरी घोडी नऊ वर्षांची, जन्माने आणि सवयीने टेक्सासची, ऑगस्टमध्ये ट्रेलरमधून आमच्याबरोबर आली. शिवाय पाच न्युबियन शेळ्या आणि डझनभर कोंबड्या (निम्म्या लेगहॉर्न, निम्म्या वायनडॉट). दोन शेळ्या गाभण आहेत. विकणाऱ्याने बोकड कळपातच मोकळा ठेवला होता, त्यामुळे विण्याचा मुहूर्त नेमका जानेवारीच्या मध्यात येतोय.

माझ्या आजोळी कागलला गोठा होता. तिथली थंडी म्हणजे म्हशीच्या पाठीवर गोणपाट टाकलं की मिटली. इथे जानेवारीत उणे ३० फॅरनहाइट, म्हणजे उणे ३४ सेल्सियस, होतं म्हणतात आणि वर वारा. ऑक्टोबर संपत आलाय, सकाळी हौदावर पापुद्रा धरायला लागलाय.

नवऱ्याचा बेत असा : तबेल्याच्या सगळ्या फटी प्लॅस्टिकने बंद करायच्या, आत हीट लॅम्प टांगायचे, दोन्ही घोड्यांना आत्तापासूनच जाड झुली घालायच्या. शेजारचे शेतकरी म्हणतात, ‘काहीएक करू नका, त्यांना काही होत नाही.’ मला दोन्ही पटत नाही. जिजीचे दात झिजलेत, गवताचे अर्धवट चावलेले बोळे ती तोंडातून टाकते. तिला झूल घालू का? पाणी गोठू नये म्हणून काय करता? वैरण किती साठवू? आणि जानेवारीतल्या करडांचं काय?

इंग्रजी साइट्स वाचून डोकं भणाणलंय. इथे कुणी प्रत्यक्ष करणारं असेल तर कृपया लिहा.

गोठ्यातला_बाळ्या

विदुलाताई, विस्कॉन्सिनमध्ये डेअरीवर आयुष्य चाललंय, घोड्यांतलं फारसं कळत नाही. पण तबेला बंद करू नका, हे आधी सांगतो.

जनावर श्वासातून आणि मुतातून ढीगभर ओल सोडतं. फटी बुजवल्या की ती आतच राहते, छताला लागून थिजते आणि दुपारी टपटप अंगावर पडते. कोरडं जनावर उणे वीसमध्ये मजेत उभं राहतं, ओलं जनावर शून्यालाच कुडकुडतं. अमोनियाने फुप्फुसं जातात ते वेगळंच. सकाळी आत गेल्यावर जनावराच्या नाकाच्या उंचीला खाली बसून पाहा. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. छताच्या आतल्या बाजूला पांढरं दहिवर दिसलं तरी तेच समजा.

प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर वायव्येकडच्या भिंतीला, खालून जनावराच्या पाठीच्या उंचीपर्यंत. वळचणीखालची आणि आढ्याची फट मोकळी ठेवा. वारा अंगावर येऊ नये, पण वरून हवा खेळावी.

हीट लॅम्पबद्दल एवढंच, की दर हिवाळ्यात आमच्या भागात एक तरी गोठा त्याने पेटतो. पेंढा, धूळ, जाळी आणि लाल दिवा. नकोच.

परळची_पशुवैद्य

शिक्षण मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, आता बरीच वर्षं इकडे मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस. सविस्तर लिहिते.

घोड्याचा हिवाळी केसाळा पूर्ण आलेला आणि कोरडा असेल तर साधारण उणे ८ सेल्सियसपर्यंत (१८ फॅरनहाइट) त्याला ऊब राखायला जास्तीचं काही खावं लागत नाही. तोच भिजला, किंवा अंगावर अजून उन्हाळी केस असतील, तर ही मर्यादा ५ सेल्सियसच्या आसपास येते. मर्यादेखाली दर अंश सेल्सियसला ऊर्जेची गरज अंदाजे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे उणे वीसला पाव भाग जास्त.

हा पाव भाग चंदीतून नव्हे, गवतातून द्यायचा. घोड्याच्या आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात तंतू आंबतात, त्यातून तासन्‌तास उष्णता निघत राहते. दाण्यांतून ती तशी निघत नाही आणि एकदम दाणे वाढवले तर पोटशूळ आणि खुरांचा दाह यांना आमंत्रण. ५०० किलोच्या घोडीला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे १० किलो सुकं गवत धरा, कडाक्यात १२ ते १३. रात्रीचा हप्ता मोठा ठेवा. नोव्हेंबर ते एप्रिल दोन घोड्यांना चार ते साडेचार टन लागेल, शेळ्यांचं वेगळं. आत्ताच भरून ठेवा, फेब्रुवारीत भाव आणि प्रत दोन्ही हाताबाहेर जातात.

पण माझ्याकडे हिवाळ्यात येणारे घोडे थंडीने आजारी नसतात, पाणी कमी प्यायल्याने असतात. उन्हाळी चराईच्या गवतात निम्म्याहून जास्त पाणी असतं, सुक्या गवतात जेमतेम १० ते १५ टक्के. पाणी बर्फगार असलं की घोडी दोन घोट घेऊन वळते आणि चार दिवसांनी आतड्यात गवताचा गोळा बसतो. बर्फ चाटून भागत नाही. रोज ३० ते ४० लिटर पोटात जायला हवं. पाणी ७ ते १८ सेल्सियसच्या दरम्यान राहील असा हीटर हौदात टाका, शिवाय दिवसाला ३० ते ६० ग्रॅम मीठ. लीद रोज बघत जा. बारीक, कोरडी, कडक झाली की पाणी कमी पडतंय.

जिजीबद्दल : बोळे टाकतेय म्हणजे दाढांनी गवत दळलं जात नाही. थंडी वाढायच्या आत दात तपासून घ्या. तिचं गवत आता निम्मं तरी बदलावं लागेल : भिजवलेल्या गवताच्या गोळ्या, भिजवलेला बीटचा चोथा, म्हाताऱ्या घोड्यांचा तयार खुराक. कोमट पाण्यात भिजवा, पाणीही आपसूक पोटात जातं. आणि डोळ्यांवर विसंबू नका. केसाळा फुगला की हाडांचा सापळासुद्धा गुबगुबीत दिसतो. हातमोजा काढून बोटं केसांत खुपसा आणि बरगड्या चाचपा. दर पंधरवड्याला हे करा.

तिला झूल घालाच. पाणी अडवणारी, पण आतून हवा खेळू देणारी, खांद्याला न काचणारी. रोज एकदा काढायची, अंग बघायचं, खरारा करायचा, मग परत. भिजलेली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा नसलेली बरी.

एक फार महत्त्वाचं. शेळ्यांच्या किंवा कोंबड्यांच्या खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असू शकतं. घोड्यांसाठी ते जहर आहे, थोड्या प्रमाणातही हृदय निकामी करतं. पिशवीवरची चिठ्ठी वाचा आणि ते पोतं घोड्यांच्या तोंडाच्या टप्प्यात कधीही ठेवू नका.

ब्रँडनकर

मॅनिटोबातून. डॉक्टरबाईंच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, झुलीबद्दल थोडं वेगळं मत. जिजीचं ठीक आहे, पण टेक्सासवालीला आत्ता झूल घालू नका. केसाळा मुख्यतः दिवस लहान होत जातो तसा वाढतो आणि २१-२२ डिसेंबरपर्यंत वाढत राहतो. आत्तापासून झाकलंत तर पूर्ण येणार नाही, केस दबून राहतील, मग मार्चपर्यंत तुम्ही झुलीला बांधलेले.

आमचे घोडे उणे ३५ ला पाठीवर बर्फाचा थर घेऊन निवांत उभे असतात. घरचे पाहुणे कळवळतात. पण तो थर वितळत नाही, याचाच अर्थ आतली ऊब आत आहे.

त्यांना लागतो तो आडोसा. तीन भिंतींची शेड, तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला. दोन घोड्यांना १२ बाय २० फूट पुरते. दार नको, त्यांना वाटेल तेव्हा आत-बाहेर करू दे.

नाल असतील तर हिवाळ्यापुरते काढून घ्या. नालेत बर्फ दाबला जाऊन टापेखाली गोळे तयार होतात, घोडं उंच टाचांवर चालल्यासारखं डुगडुगतं आणि घोटा मुरगळतो. खूर हळू वाढतात म्हणून नालबंदाला सुट्टी देऊ नका. अंगणातल्या निसरड्यावर लाकडाची राख किंवा वाळू टाका, मीठ नको. आणि लोखंडी लगाम थेट तोंडात घालू नका, आधी काखेत धरून गरम करा. जीभ चिकटते.

विदुला_रानवाट

बापरे, इतकं सगळं! मनापासून आभार. नवऱ्याला बाळ्यादादांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, लॅम्प परत करायला तयार झालाय. प्लॅस्टिकवर अजून वाटाघाटी चालू.

ब्रँडनकर, झूल नाही घातली आणि टेक्सासवालीला सोसलं नाही, तर कळणार कसं? आणि हौदात विजेचा हीटर टाकायचा म्हणजे माझ्या पोटात गोळा येतो.

परळची_पशुवैद्य

ब्रँडनकरांचं तिच्याबाबतीत मला मान्य आहे. फक्त केस किती यावेत यात थोडा वाटा थंडीच्या सवयीचा आणि जातीचाही असतो, म्हणून पहिल्या वर्षी एक झूल घरात तयार असू द्या. शेपूट पोटाशी दाबून, पाठ वाऱ्याकडे करून, गवत सोडून नुसती थरथरत उभी राहिली तर कोरडी करून घाला. गवत दिल्यावर थरथर थांबली तर गरज गवताचीच होती. नोव्हेंबरमधला थंड पाऊस मला जानेवारीपेक्षा जास्त भितीदायक वाटतो, तेव्हा तिला छपराखाली ठेवा.

हीटरची वायर पाइपमधून न्या, चघळतात. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट, गळती झाली की आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटवर. घोडी हौदाशी येते, नाक लावते आणि दचकून मागे जाते असं दिसलं, तर पाण्यात करंट उतरतोय. आधी प्लग काढा.

खुराड्यातून

कोंबड्यांचं कुणीच बोलेना म्हणून. वायनडॉटची काळजी सोडा, तुरा बसका असतो. लेगहॉर्नचा उंच तुरा हिमदंशाने टोकाकडून काळा पडतो आणि त्याला थंडीइतकीच ओलही कारण असते. खुराड्याला छताजवळ झरोका ठेवा, पाण्याचं भांडं आत सांडू देऊ नका. बसायला गोल काठी नको. चार इंच रुंद फळी आडवी टाका, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. अंडी दिवसातून दोनतीनदा काढा, गोठून तडकतात.

सुभेदार_निवृत्त

लडाखमध्ये नोकरी झाली. चांगथांगच्या पठारावर, चार हजार मीटरच्या वर, चांगपा लोक पश्मिना शेळ्या पाळतात. रात्री कळप दगडी, बिनछपराच्या कुंपणात दाटीवाटीने. भिंत फक्त वारा अडवायला. झांस्करी घोडीही तशीच काटक. या जनावरांना मारते ती उपासमार, चारा बर्फाखाली गाडला जातो तेव्हा. मंगोलियात २०२३-२४ च्या हिवाळ्यात अशाने ७० लाखांहून जास्त जनावरं गेली. तेव्हा तुमची गंजी भरलेली असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकलात.

अवांतर : भीमथडीच्या तट्टांना या थंडीत काय वाटलं असतं कोण जाणे.

गोठ्यातला_बाळ्या

करडांचं राहिलं. न्युबियनचे कान लांब, जन्मतः ओले, आणि टोकं सगळ्यात आधी जातात. विणं चालू झालं की हजर राहा. टॉवेलने करडू खसाखसा पुसा, कानांवर हेअर ड्रायर फिरवा, अगदी सुकेपर्यंत. चीक पहिल्या एकदोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. पण करडू गार पडलं असेल, तोंडात बोट घातल्यावर जीभ थंड लागली, तर आधी ऊब द्या, मग चीक. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही, आणि चोखायची ताकद नसताना पाजलं तर फुप्फुसात जातं. शरीराचं तापमान ३८ सेल्सियसच्या वर यायला हवं.

जागा म्हणून निळं प्लॅस्टिकचं पिंप आडवं टाकून, तोंडाशी करडापुरतं भोक ठेवून, आत पेंढा भरा. शेळी बाहेर, करडं आत एकमेकांच्या अंगावर. खाली पेंढा सगळा उपसू नका, रोज वर नवा थर टाकत जा. खालचा थर कुजताना उष्णता देतो. गुडघे टेकून बघा, कापड ओलं झालं तर आणखी थर हवा.

पुढच्या वर्षी बोकड नोव्हेंबरमध्ये सोडा, करडं एप्रिलमध्ये येतील.

विदुला_रानवाट

पिंप शेजाऱ्यांकडे आहे, विचारलं. दंतवैद्याची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली. शेळ्यांच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचली आणि हात थंड पडले : मोनेन्सिन आहे, आणि ते पोतं जिजीच्या गव्हाणीशेजारीच होतं. आता कुलूपबंद पिंपात गेलंय.

एक शेवटचं. वादळात इथे वीज जाते म्हणे. हौदाचा हीटर बंद पडला तर?

ब्रँडनकर

हौदाच्या बाजूंना आणि खाली फोमच्या लाद्या लावा, वर अर्ध्याहून जास्त भागावर झाकण टाका, खूप वेळ तग धरतो. विहिरीचा पंपही विजेवरच असेल, म्हणून दोन दिवसांचं पाणी घरातल्या तळघरात भरून ठेवा. छोटा जनरेटर असेल तर आधी पंपाला. आणि कुऱ्हाड तबेल्यात नको, घराच्या दाराशी ठेवा. बर्फ साचला की तबेल्याचं दारच उघडत नाही.