बफेलो ते क्लीव्हलँड, मधेच स्नो आला तर?

नमस्कार मंडळी, ऑगस्टमधे पुण्याहून अमेरिकेत बफेलोला आलेय, पहिलाच विंटर. शनिवारी आय-९० हायवेने क्लीव्हलँडला बहिणीकडे जायचंय, तीनेक तास. ऑफिसमधले म्हणतात आत्ता ऊन असतं आणि पाच मिनिटांत बॉनेटपुढचं दिसत नाही, खरंय का? गाडी ऑल व्हील ड्राईव्ह आहे (इंजिनची ताकद चारी चाकांना), तेवढं पुरे ना? ताम्हिणीत धुक्यात भरपूर चालवलीये.

खडीसाखर: खरंय. ईरी लेक अजून गोठलेला नसतो, त्यावरून थंडगार वारा आला की वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर स्नो म्हणून ओततो, तोही अरुंद पट्ट्यात. बफेलो एअरपोर्टला ऊन आणि जवळच्याच हॅम्बर्गला फूटभर, असं होतं. त्यामुळे बफेलोचं हवामान बघून निघू नकोस, वाटेतली गावं हॅम्बर्ग, डनकर्क, ईरी, सगळ्यांचं बघ. आणि ऑल व्हील ड्राईव्ह गाडी हलवायला, थांबवायला नाही! ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतात गं. विंटर टायर घाल, ऑल सीझनचं रबर ७ डिग्री सेल्सिअसखाली कडक व्हायला लागतं.

दादरकर: ताम्हिणी विसरा. तिथे मागून ताशी सत्तर मैलांच्या स्पीडने अठरा चाकी ट्रक येत नाही. फोनवर स्नो स्क्वॉलचा (अचानक येणारा, थोडाच वेळ टिकणारा जोरदार स्नो) अलर्ट वाजला की पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचं, शोल्डरला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, थांबायचं नाही. मार्च २०२२ मधे पेनसिल्व्हेनियात आय-८१ वर अशाच स्क्वॉलमधे ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या, ६ माणसं गेली. क्रूझ कंट्रोल बंद, लो बीम, आणि पुलावर ब्रेक मारू नका, पूल रस्त्याआधी गोठतो.

मीनल_ओहायो: अडकलीस तर गाडीतून उतरून चालत निघायचं नाही. मी एकदा डनकर्कच्या अलीकडे चार तास बसले होते, भडंगाच्या पिशवीवर. इंजिन अधूनमधून दहा मिनिटं लाव, पण आधी सायलेन्सरभोवतीचा स्नो काढ, नाहीतर कार्बन मोनॉक्साईड आत येतो आणि कळतही नाही. टँक अर्ध्याच्या खाली नको. ब्लँकेट, छोटं फावडं, चार्जर. मांजराच्या लिटरची (शी-शूसाठीच्या खड्यांची) पिशवी पण टाक डिकीत, चाक स्नोमधे जागच्या जागी फिरत राहिलं की खाली पसरायची, हसू नकोस.

खडीसाखर: ट्रॅव्हल बॅन (गाडी रस्त्यावर आणायला सरकारी बंदी) लागला तर मात्र घरीच बस. बहिणीला आजच सांगून ठेव.

धागाकर्ती: सांगितलं, रविवारवर ढकललंय, तेही बघून. टायरला गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. भडंग बफेलोत कुठे मिळतं?