पुन्हा जीव जडला तेव्हा

पुरुषावर प्रेम केलं, ते तुटलं आणि पुढे दुसरा कुणी भेटला, अशांनी इथे लिहावं. तुटल्याचं आपण एकमेकांना पुष्कळ सांगतो, त्यापुढचं सांगायला मात्र बिचकतो. नाव नको, गाव आणि वय पुरे. सुरुवात मीच करतो.

पुणे, 44
11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, पुन्हा लागू केलं. आठ वर्षं सोबत होतो आम्ही. त्याच्या घरचे स्थळं बघतच होते, त्या निकालाने त्याचा उरलासुरला धीर सुटला. मे महिन्यात लग्न झालं. पंगतीत मी मठ्ठा वाढत होतो. त्याच्यासमोर आलो तेव्हा त्याने वाटीवर हात आडवा धरला, मान वर केलीच नाही.

पुढे कित्येक वर्षं सकाळी सवयीने दोन कपांचं आधण ठेवायचो आणि एक कप मोरीत ओतायचो. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने आपण गुन्हेगार उरलो नाही, तेव्हाही आधी तोच आठवला.

हा सिंहगडावर भेटला, भर पावसात, पिठलं-भाकरीच्या छपराखाली. त्याचंही एक जुनं दुखणं होतं, ते त्याने हळूहळू सांगितलं. वर्षभर आमचं अहो-जाहोच चाललं. एका सकाळी, गडावर राहिलेली माझी टोपी द्यायला न कळवता घरी आला. चहा उकळत होता. पातेल्यात डोकावून म्हणाला, "अरे, मी येणार हे तुला ठाऊक होतं?"

पहिलं अरे, पहिलं तू. मला बोलताच येईना. गाळणं त्यानेच शोधलं.

मिरज, 31
माझं थोडक्यात. आधीचा चारचौघांत ओळखसुद्धा दाखवायचा नाही. आत्ताचा माझ्या आईला थेट म्हणाला, "काकू, मी ह्याच्यासाठीच येतो." आई दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी अळूवड्या तळता तळता विचारते, "आज येणार न्हाई व्हय त्यो?"

ठाणे, 59
माझा जोडीदार 19 वर्षांच्या सोबतीनंतर गेला. दवाखान्यात सहीला त्याचा पुतण्या लागला, मी बाहेर बाकावर. स्मशानातही मागेच उभा होतो.

आता जो आहे, तो एका मुलीचा बाप. लग्नाचा हक्क न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला नाकारला, ते फार लागलं. पण 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आपल्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. लगेच बँकेत गेलो. खातं उघडलं, मग माझ्या मुदत ठेवीचा नॉमिनीचा फॉर्म घेतला. नात्याच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. त्याने पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, "जोडीदार".

पासबुकावर दोघांची नावं आहेत. ते घरी आणल्यावर त्यानेच पहिल्याच्या फोटोपुढे ठेवलं आणि निरांजन लावलं.