स्टीअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप, अपर (हाय बीम) लावला की मीटर मंद. सुरुवात कुठून करू?

घाटवळण:
नमस्कार मंडळी, ९६ ची डिझेल जीप आहे, आधी ओपन होती आता हार्डटॉप. आमच्याकडे आली तेव्हाच स्टीअरिंगवर कुठल्यातरी कारचा कॉम्बिनेशन स्विच (लाइट-इंडिकेटरची दांडी) बसवलेला होता त्यामुळे मूळ वायरिंगचा नकाशा काही कामाचा नाही, वायरींचे रंगच जुळत नाहीत. आता त्रास ऐका. डावीकडे फुल वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो, गाडी लावताना जास्त, पळत्या गाडीत फार नाही. अपर लावला की डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे मंद होतात आणि थोड्या वेळाने हेडलाइटच जातात, दांडी जरा हलवली की परत येतात, दांडीच्या मुळाशी प्लास्टिक तापल्याचा वास पण येतो. उजवा इंडिकेटर फास्ट मारतो. आणि खड्ड्यात आदळली की कधीकधी सगळं इलेक्ट्रिक मरतं पण इंजिन चालूच. परवा रात्री करूळ घाटात हेडलाइट गेले, पुढच्या एसटीच्या टेललाइटच्या आधाराने खाली आलो. बॅटरी नवीन आहे, चार्जिंग १४ व्होल्टच्या वर दाखवतं. इथल्या वायरमनचं म्हणणं कॉलमच (स्टीअरिंगखालचा दांडा) शॉर्ट आहे, पूर्ण वायरिंग टाका. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. खरंच पूर्ण वायरिंग लागेल का?

माळरान_४बाय४:
टाकून द्या राव पूर्ण वायरिंग, एकदाच काय तो खर्च. जुन्या जीपला टेप मारत बसलात तर पावसाळाभर तेच करत बसाल.

टेस्टलॅम्प:
थांबा थांबा. पूर्ण वायरिंग टाकली तरी तोच स्विच, शाफ्ट धरणारा तोच बुश आणि तीच अर्थ (बॅटरीच्या मायनसला परत जाणारी जोडणी) राहणार, मग काय मिळवलंत? बाजारात जे तयार हार्नेस (वायरींचे जुडगे) मिळतात त्यातल्या बऱ्याच हार्नेसमध्ये तांबंही बारीक असतं.

दादा, हा एक फॉल्ट नाही, चार आहेत, फक्त एकाच कॉलमपाशी दिसतायत म्हणून एक वाटतो. हॉर्न घ्या आधी. हॉर्नला प्लस फ्यूजमधून कायम मिळत असतो, स्टीअरिंगवरचं बटण फक्त अर्थ देतं. म्हणजे आपोआप वाजतो याचा अर्थ ती हॉर्नची वायर किंवा रिंग कुठेतरी बॉडीला टेकतेय, फ्यूज उडणार नाही, फक्त वाजणार. ती नेमकी कुठे टेकते ते असं बघा: मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकवर घेऊन खाली स्टँड द्या आणि स्टीअरिंग डावीकडे फुल फिरवा. हवेत वाजला नाही आणि जमिनीवर वाजला तर वायर बहुतेक ठीक आहे, जोर पडला की शाफ्ट एका बाजूला सरकतोय, म्हणजे कॉलमचा वरचा बुश गेला. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवं हलवून बघा, टकटक जाणवेल. हवेतही वाजला तर कॉलममधून खाली येणाऱ्या वायरीचं इन्सुलेशन घासलंय. हॉर्नचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) कॉलमच्या खाली काढा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड लागला की बीप देतो ते सेटिंग) ठेवून एक टोक त्या वायरीला आणि एक बॉडीला लावा, आणि कुणालातरी स्टीअरिंग फिरवायला सांगा. ज्या जागी बीप येतो तिथेच घासतंय.

उजवा इंडिकेटर फास्ट मारतो त्याचा कॉलमशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. त्या बाजूचा एक बल्ब पेटत नसेल किंवा होल्डरची अर्थ गंजली असेल की फ्लॅशरला (इंडिकेटर उघडझाप करणारा डबा) लोड कमी मिळतो आणि तो जोरात मारायला लागतो. मागचा उजवा लॅम्प आधी उघडा. एलईडी बल्ब टाकले असतील तरी हेच होतं.

खड्ड्यात सगळं मरतं पण इंजिन चालू: मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालू राहायला करंट लागत नाही, दोरी ओढूनच बंद करायचं, म्हणून इंजिन चालूच राहणार. पेट्रोल असती तर तिथेच बंद पडली असती. इग्निशन स्विचचा कपलर बघा, चावीचा जुडगा जड असेल तर काढून एकटी चावी लावून चालवून बघा.

हेडलाइटचं शेवटी सांगतो. बल्ब किती वॉटचे (अपर/लोअर) आहेत? ६०/५५ की १००/९०?

घाटवळण:
१००/९० आहेत, पांढरा उजेड हवा होता म्हणून. रिले (जास्त करंट स्वतः सोसणारा वेगळा स्विच) वगैरे काही नाही, सगळं दांडीतून.

टेस्टलॅम्प:
मग तिथेच उत्तर आहे. दोन्ही अपर मिळून २०० वॉट, म्हणजे साधारण १६ अँपिअर त्या दांडीच्या बारक्या कॉन्टॅक्टमधून. ६०/५५ ला दहा-अकरा असते, तेवढं तो सोसतो.

आता दांडी बदलण्याआधी मोजा. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, अपर चालू ठेवून एक प्रोब स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर, दुसरा हेडलाइटला जाणाऱ्या वायरीवर. कपलरच्या मागून पिन टोचून मोजा, कपलर काढून नाही, कारण लोड चालू नसेल तर खराब कॉन्टॅक्टही १२ व्होल्ट दाखवतो, सगळे इथेच फसतात. ०.२ च्या आत आला तर स्विच बरा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर कॉन्टॅक्ट जळालाय.

मग तसाच दुसरा टेस्ट, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थच्या जागी, अपर चालू. इथे ०.१ च्या आसपास हवा. जीपची बॉडी चासीवर रबरांवर बसलेली असते हे विसरू नका, बॉडी ते इंजिन अर्थपट्टी गंजली की सगळा करंट वाकड्या वाटेने परत जातो आणि मीटर मंद होतो.

दांडी उघडायची वेळ आली तर बॅटरीचं मायनस आधी काढा. स्टीअरिंगच्या नटाखाली शाफ्टवर आणि व्हीलवर खूण करून ठेवा, नट दोन आट्यांवर ठेवूनच पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा, नाहीतर व्हील सुटून तोंडावर येतं. हातोडी नको.

सिद्धी_कुडाळ:
मधेच घुसते, सॉरी. माझी एअरबॅगवाली हॅचबॅक आहे २०१२ ची, हॉर्न वाजत नाही आणि एअरबॅगचा दिवाही पेटलाय, स्टीअरिंगवरची ऑडिओची बटणंही बंद. हाच टेस्ट करू का मी पण?

टेस्टलॅम्प:
नको ताई, त्या गाडीला नाही. तिन्ही गोष्टी एकत्र बंद झाल्या म्हणजे क्लॉक स्प्रिंग, स्टीअरिंगमागची गुंडाळलेली पट्टी तुटलेली असण्याची शक्यता जास्त. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, एवढ्याशा करंटने बॅग फुटू शकते. दिवा पेटलेला असताना अपघातात बॅग उघडेलच असं नाही, त्यामुळे लांबवूही नका. ज्याच्याकडे स्कॅनर आहे अशा माणसाकडे द्या.

घाटवळण:
मंडळी, रविवारी बसलो होतो, हे घ्या आकडे. स्विचवर अपर चालू असताना १.३ व्होल्ट. मीटरच्या अर्थवर ०.६. बॉडी-इंजिन पट्टी बघितली तर आत हिरवी पडलेली, ओढली तर हातातच आली. जॅकवर हॉर्न वाजत नाही, खाली उतरवली की वाजतो, म्हणजे बुश. मागच्या उजव्या इंडिकेटरच्या होल्डरमध्ये गंजाचा चिखल नुसता, घासून काढला, फास्ट मारायचं बंद. इग्निशनचा कपलर एका पिनपाशी तपकिरी झालाय. म्हणजे पूर्ण वायरिंग नकोच ना?

टेस्टलॅम्प:
नको. १.३ गुणिले १६, म्हणजे जवळपास २१ वॉट त्या स्विचमध्ये तापतायत, अपर चालू असताना एक छोटा सोल्डरिंग आयर्न तुम्ही स्टीअरिंगखाली लावून बसलाय असं समजा. वास त्याचाच.

दोन रिले घ्या, लोअरला एक, अपरला एक. बॅटरीपासून जाड वायर, निदान अडीच स्क्वेअर एमएम, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून दोन्ही रिलेंच्या ३० वर (हे रिलेवर छापलेले पिनचे नंबर). ८७ वरून हेडलाइटला. ८५ अर्थला आणि ८६ ला दांडीतून येणारी जुनी वायर. दांडीतून मग फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, ०.२ अँपिअरच्या आत. पण कॉन्टॅक्ट इतका जळालाय की स्विच बदलावाच लागेल, सँडपेपर मारून फार दिवस चालत नाही. इग्निशन कपलरची ती पिन बदलून नवीन घाला, घट्ट बसली पाहिजे. हॉर्नलाही रिले टाका हाताशी आहात तोवर, रिंग आणि ब्रशवर ठिणगी कमी पडते.

माळरान_४बाय४:
बुश वेगळा मिळत नाही पण, पूर्ण कॉलम घ्यावा लागतो.

टेस्टलॅम्प:
मिळतो, जुन्या पार्टवाल्यांकडे. नाही मिळाला तर लेथवर नायलॉनचा करून घ्या, माप शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर घ्यायला सांगा. आणि घाटवळण दादा, पासिंगला जाण्याआधी १००/९० काढून ६०/५५ लावा, रिले आहेत तसेच राहू द्यात. बल्ब बदलल्यावर फोकस एकदा भिंतीवर बघून घ्या, हार्डटॉप बसवल्यावर मागे वजन वाढून पुढचा फोकस वर गेलेला असतो बऱ्याचदा.