निवृत्तीनंतर वेंगुर्ल्यात : आपल्याच गावात नवखे असताना काय करावे?

प्रश्न : दांड्यावरचा

मुंबईतील नोकरी संपवून मी आणि पत्नी वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या मूळ गावी कायमचे राहायला आलो आहोत. घर वडिलोपार्जित आहे, सातबाऱ्यावर चुलत भावांबरोबर माझेही नाव आहे आणि मालवणी मला चांगली बोलता येते. तरीही गावाचा रोजचा व्यवहार कसा चालतो हे मला अजून नीट उमगलेले नाही, आणि ही गोष्ट ज्याच्यामुळे ध्यानात आली तो माणूस डच आहे.

माझा हा जुना सहकारी निवृत्तीनंतर थायलंडमध्ये, हुआ हिन या समुद्रकाठच्या शहरात स्थायिक झाला असून तिथल्या साध्यासुध्या गोष्टी तो मला सविस्तर लिहून कळवतो. शेजारच्या अंगणात खांबावर जागेच्या रक्षणकर्त्याचे लहानसे घर आहे. सकाळी शेजारीण तिथे लाल सरबताची बाटली उघडून, त्यात नळी घालून ठेवते आणि हात जोडते. सरकारी कागदावर बुद्धाब्द असल्यामुळे आपल्या २०२५ सालाच्या जागी २५६८ लिहिलेले असते. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागले की रेल्वेच्या फलाटावरची माणसे आहेत तिथेच उभी राहतात. बाजारात सकाळी तांदळाची पेज मिळते, ती आता त्याची न्याहारी झाली आहे. तिथला किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य समुद्रातून वर येतो, याचेही त्याला अप्रूप आहे.

त्याला परका म्हणून प्रत्येक गोष्ट विचारावी लागते आणि लोकही आपुलकीने सांगतात. मला मात्र कोणी काही सांगत नाही, कारण मी इथलाच असल्याने मला सगळे ठाऊक असणार असे सर्वांनी गृहीत धरले आहे, आणि या वयात विचारायला माझीही जीभ रेटत नाही. येत्या मृगापासूनचा पावसाळा हा आमचा गावातला पहिलाच पावसाळा असेल. जे असे परत आले आहेत त्यांनी सुरुवात कुठून केली, हे कृपया सांगावे.

उत्तर : शिरोड्याची सून

काका, सुरुवात आगोटीपासून, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीपासून, करावी, कारण त्या कामांत विचारल्यावाचून कोणाचेच चालत नाही. घर कौलारू असेल तर कौले परतणाऱ्याला आजच सांगून ठेवावे. मेच्या अखेरीस तो कोणाच्याच हाती लागत नाही. तो येण्यापूर्वी भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहावे आणि वर पाहावे. जिथून उन्हाची तिरीप आत येते तिथले कौल सरकलेले किंवा फुटलेले असते. त्या जागेच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण केली की गडी वर चढल्यावर त्याला नेमके सांगता येते. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा एक चीरसुद्धा सोडून चालत नाही.

दुसरे म्हणजे मासे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुके बांगडे, सुंगटे आणि जवळा आताच भरून ठेवावा लागतो. सुका बांगडा घेताना वाकवून पाहावा. तो कडक न लागता लवला तर आत ओल आहे आणि तो पावसात टिकणार नाही. काकूंना शेजारच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायला अवश्य पाठवा. साले मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची असतात, त्या कामाला माणूस नेहमीच कमी पडतो, आणि तिथे बसल्या बसल्या गावातल्या निम्म्या गोष्टी कानावर येतात.

उत्तर : मालवणचा गावकर

वरचा सल्ला उत्तम आहे, परंतु मूळ तुलना मला पटत नाही. आपले स्नेही तिथे परवानगीवर राहतात. निवृत्त म्हणून मुक्काम वाढवून घेण्यासाठी वय किमान ५० असावे लागते आणि सामान्यतः तिथल्या बँकेत आठ लाख बाट ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. ही मुदत वर्षावर्षाने वाढवायची आणि त्याशिवाय दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतील परदेशी मालकी ४९ टक्क्यांच्या आत असेल तरच. अशा पाहुण्याने बारकाईने पाहावे आणि अदबीने विचारावे हे योग्यच आहे.

आपला प्रश्न निराळा आहे. त्यांच्या शेजारणीच्या अंगणात जो रक्षणकर्ता आहे, तसा राखणदार आपल्याही जागेला असणार. त्याला दरवर्षी राखण, म्हणजे त्याचा मान, कोण देते, त्याच्यापुढे गाऱ्हाणे, म्हणजे प्रार्थना, कोण घालते, देवळाची वर्गणी आपल्या घराच्या नावाने इतकी वर्षे कोणी भरली? बहुधा ज्यांची नावे आपल्याबरोबर सातबाऱ्यावर आहेत त्याच भावांनी. कौलांना हात लावण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन बसावे आणि आपल्या वाट्याचे काय राहिले आहे ते विचारावे. हक्क कागदावर असतोच. गावात माणूस ओळखला जातो तो पाळी चुकवत नाही म्हणून. हे मी कठोरपणे लिहीत नाही. परत आलेली घरे वर्षभरात पुन्हा कुलूपबंद झालेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर : रत्नागिरी-बँकॉक

नोकरीनिमित्त मी थायलंडमध्ये राहिलो आहे, म्हणून थोडी भर घालतो. हुआ हिन डोंगरांच्या आडोशाला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे त्या डोंगरांवर अडतात, त्यामुळे तिथला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी आणि त्याचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिथल्या निवांतपणाला हवामानाचा मोठा हातभार आहे, तेव्हा आपल्या जुलैची त्याच्याशी तुलना करून खट्टू होऊ नये. शिवाय परदेशी निवृत्तांपैकी अनेक जण आपल्याच देशवासीयांच्या वर्तुळात राहतात. आपले स्नेही शेजारणीकडे लक्ष देतात, हा त्यांचा स्वतःचा गुण आहे.

हयातीचा दाखला मात्र दोघांनाही चुकलेला नाही. नेदरलँड्सचे सरकारी निवृत्तिवेतन परदेशात घेणाऱ्यालाही आपण जिवंत असल्याचे कळवावे लागते, जसे आपल्याकडे नोव्हेंबरात. त्यांना एक गोष्ट आवर्जून कळवा : सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार जशी अयुध्येत, म्हणजे सयामच्या तत्कालीन राजधानीत होती, तशीच ती आपल्या वेंगुर्ल्यातही होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.

आणि गावात मिसळायचे तर किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे मोठे जाळे, ओढायला जावे. दोरीला हात लावणाऱ्याला तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही.

प्रश्नकर्ता : दांड्यावरचा

सर्वांचे आभार. थोरल्या चुलत भावाकडे जाऊन आलो. आमच्या वाट्याची वर्गणी तोच भरत आला आहे, आणि यंदाची राखण मी द्यावी असे ठरले. कौलांसाठी गडी त्यानेच सांगून ठेवला. वखारीचे छायाचित्र आज हुआ हिनला पाठवले. एवढेच विचारतो : रापणीला सकाळी किती वाजता जावे?

उत्तर : मालवणचा गावकर

वेळ ठरलेली नसते. माशांचा थवा दिसला की होडी जाळे घेऊन निघते आणि किनाऱ्यावर हाक पडते. आपल्या वाडीतल्या रापण संघाच्या माणसाला फोन नंबर देऊन ठेवा.