‘शिष्य’, ‘विश्वासणारा’ आणि ‘विश्वासू’ : मंडळीतील तीन शब्द

प्रश्न

आमच्या मंडळीतील (चर्चमधील) तरुणांसाठी लूककृत शुभवर्तमानावर पाठपत्रिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ इंग्रजी साहित्यात ‘डिसायपलशिप’ हा शब्द पानोपानी आहे आणि मराठीत त्यासाठी ‘शिष्यत्व’ रूढ आहे. अडचण अशी की आमच्याकडे ‘शिष्य’ म्हटले की पेत्र, योहान आणि उरलेले दहा जण एवढेच डोळ्यांपुढे येतात. स्वतःविषयी बोलताना ‘मी येशूचा शिष्य आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मी विश्वासणारा आहे’ किंवा ‘आमचे विश्वासी कुटुंब आहे’ असे म्हणतात. तेव्हा ‘शिष्य’ ठेवावा, ‘अनुयायी’ घ्यावा, की ‘विश्वासणारा’ या शब्दावरच भागवावे? ‘विश्वासणारा’, ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ यांतला फरकही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून झाला आहे आणि ‘निःश्वास’, ‘आश्वासन’ हे शब्दही त्याच घराण्यातले आहेत. ज्याच्याजवळ श्वास मोकळा होतो, ज्याच्यावर भार टाकून निर्धास्त होता येते, त्याच्यावर आपला विश्वास असतो. ‘श्रद्धा’ या शब्दात ‘धा’ म्हणजे ठेवणे हा धातू आहे. मराठीत आपण ‘विश्वास ठेवतो’, तेव्हा तेच ठेवणे निराळ्या वाटेने पुन्हा येते. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत याच अर्थाने ‘भावार्थ’ हा शब्द चालतो आणि श्रद्धाळू माणसाला ‘भावार्थी’ म्हणतात. हा शब्द मराठी मंडळ्यांत रुळला नाही, याची मला हळहळ वाटते, कारण ‘भाव’ हा शब्द संतवाङ्मयामुळे आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

आता तीन रूपांकडे वळू. ‘विश्वासणारा’ हे ‘विश्वासणे’ या क्रियापदाचे कृदंत आहे. ‘तुमच्या शब्दावर विश्वासून मी आलो’ असे आपण एरवीही म्हणतो, त्यामुळे हे क्रियापद ख्रिस्ती मराठीने नव्याने घडवलेले नाही. तिने त्याचा वापर वाढवला, इतकेच. कृदंत असल्यामुळे त्यात क्रिया चालू आहे. ‘विश्वासी’ हा शब्द हिंदी ख्रिस्ती साहित्यातही सर्रास आढळतो. त्यात क्रियेपेक्षा गटाची ओळख अधिक आहे. ‘मुलगी विश्वासी घरातली आहे का?’ या चौकशीचा रोख तिच्या श्रद्धेवर नसतो, ती आपल्यांपैकी आहे की नाही यावर असतो. ‘विश्वासू’ या शब्दात मात्र सगळी दिशाच बदलते. मी ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो विश्वासू. गल्ल्यावर बसवून आपण निर्धास्तपणे गावाला जाऊ शकतो, असा माणूस.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत विश्वास आणि विश्वासूपणा यांसाठी दोन शब्द नाहीत. ‘पिस्तिस’ या एकाच शब्दाचे आपण संदर्भ पाहून कधी ‘विश्वास’ तर कधी ‘विश्वासूपणा’ असे भाषांतर करतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची जी यादी आहे, तिच्यात आपल्या बायबलमध्ये ‘विश्वासूपणा’ छापलेले आहे. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नीतिमान ठरण्याविषयी बोलताना तोच ग्रीक शब्द ‘विश्वास’ या रूपाने येतो. भाषांतरकारांचे काही चुकले नाही, कारण मराठीत दुसरा मार्ग नाही. परंतु त्यामुळे आपल्या मनात दोन कप्पे पडले आहेत : विश्वास रविवारच्या उपासनेचा आणि विश्वासूपणा सोमवारच्या नोकरीचा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखल्यात दासांकडे पैसा सोपवून परदेशी गेलेला धनी परत येऊन ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ असे म्हणतो, ते हिशेब पाहिल्यानंतर म्हणतो, याची आठवण पाठात अवश्य द्यावी.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले. ‘शिष्य’ या शब्दाविषयी थोडी भर घालते.

‘शिष्य’ आणि ‘शिकणे’ एकाच धातूचे आहेत असा समज सर्वत्र आढळतो, पण ते खरे नाही. ‘शिकणे’ हे ‘शिक्ष्’पासून आले, तर ‘शिष्य’ हा ‘शास्’पासून, ज्यापासून ‘शासन’ आणि ‘शास्त्र’ हे शब्दही झाले. शिष्य म्हणजे ज्याला शिकवायचे, ज्याला वळण लावायचे तो. ग्रीक ‘मथेतेस’ याच्या उलट शिकण्याच्या क्रियापदापासून झालेला आहे. तो म्हणजे शिकणारा. आपला शब्द गुरूच्या बाजूने पाहतो आणि ग्रीक शब्द विद्यार्थ्याच्या बाजूने. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू ‘माझे जू आपणांवर घ्या’ असे म्हणून लगेच आपल्यापासून शिकायला सांगतो, तेव्हा या दोन्ही बाजू एकत्र येतात.

‘शिष्य’ म्हणजे केवळ बारा, ही समजूत तर नव्या करारातच टिकत नाही. हा शब्द शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकांत सुमारे 260 वेळा येतो, तर ‘ख्रिस्ती’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात फक्त 3 वेळा. अंत्युखिया या शहरात शिष्यांना प्रथम ख्रिस्ती हे नाव मिळाले, असे कृत्यांच्या अकराव्या अध्यायात म्हटले आहे. म्हणजे तेथील व्यापारी, कारागीर, गृहिणी हे सर्व आधी शिष्य होते आणि नाव मागून आले.

मराठी परंपरेत याचे ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, आणि 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडल्यावर, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचे ते बंधुमंडळ व्हावे, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पनेवर मंडळ्यांत मतभेद असणे स्वाभाविक आहे, पण शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर ‘ख्रिस्ती’ हे समाजाचे नाव आणि ‘शिष्य’ हे गुरूशी असलेल्या नात्याचे नाव, हा भेद त्यांना स्वच्छ दिसत होता. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारणच नव्हते.

तिसरा प्रतिसाद

एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. गुरुशिष्य परंपरेत शिष्य पुढे स्वतः गुरू होतो आणि त्याचीही गादी चालते. शुभवर्तमानात तसे नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना गुरुजी म्हणवून घेण्याची स्पष्ट मनाई करतो, कारण गुरू एकच आहे आणि ते सर्व भाऊ आहेत. शिवाय आपल्याकडे शिष्य गुरू शोधत जातो, येथे गुरू जाळ्यांपाशी जाऊन कोळ्यांना हाक मारतो. म्हणून मला ‘अनुयायी’ अधिक निर्धोक वाटतो.

दुसऱ्या प्रतिसादकर्तीचे उत्तर

आपला आक्षेप रास्त आहे, पण ‘अनुयायी’ घेतल्याने तो सुटत नाही. आजच्या मराठीत अनुयायी पक्षाचे असतात, नेत्याचे असतात, विचारसरणीचे असतात. नेत्याला एकदाही न भेटता अनुयायी होता येते. शिष्याला ती सोय नाही. आपल्याला जे हवे आहे ते ‘अनुसरणे’ या क्रियापदात आहे, आणि ते मराठी बायबलच्या वाचकांच्या चांगले ओळखीचे आहे.

पाठ लूकवर आहेत म्हणून नवव्या अध्यायातील तेविसावे वचन, म्हणजे स्वतःला नाकारून, दररोज आपला वधस्तंभ उचलून मला अनुसरावे हे येशूचे बोलणे, शेजारच्या शुभवर्तमानांशी ताडून पाहावे. मत्तयात हे बोलणे शिष्यांना उद्देशून आहे. मार्कात येशू लोकसमुदायालाही जवळ बोलावतो. लूकात तो ‘सर्वांना’ सांगतो, आणि वधस्तंभ उचलण्याच्या आज्ञेत ‘दररोज’ हा शब्द केवळ लूकाकडेच सापडतो. ग्रीकमध्ये स्वतःला नाकारणे आणि वधस्तंभ उचलणे ही क्रियापदे एकवार केलेल्या कृतीच्या रूपात आहेत, तर अनुसरण्याचे क्रियापद चालू राहणाऱ्या कृतीच्या रूपात आहे. मराठीत ते ‘अनुसरत राहावे’ अशा जोडक्रियापदाने नेमके उतरते. ‘राहणे’ हे साहाय्यक क्रियापद आपल्या भाषेने किती सहज पुरवले आहे! रोजच्या संसारात, सासूच्या आजारपणात, कचेरीतील खोट्या बिलावर सही करायला नकार देताना जे करायचे असते, ते या ‘राहावे’मध्ये आहे. माझ्या मते ‘शिष्य’ हे नाम ठेवावे आणि ‘शिष्यत्व’ या जड भाववाचक नामाऐवजी शक्य तेथे ‘अनुसरणे’ हे क्रियापद वापरावे. पंडिता रमाबाईंनी केडगावी बायबलचे भाषांतर करताना खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी मराठी वापरण्याचा आग्रह धरला होता. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. पाठपत्रिका लिहिणाऱ्याने तो आग्रह डोळ्यांपुढे ठेवावा.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘दररोज अनुसरत राहणे’ असे शीर्षक ठरवले आहे. एक लहानशी शंका उरते : आमच्या वर्गात मुली अधिक आहेत, तेव्हा स्त्रीलिंगी रूप ‘शिष्या’ लिहावे की सर्वांसाठी ‘शिष्य’च चालेल?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

दोन्ही चालतील, पण ‘शिष्या’ अवश्य लिहावे, कारण त्याला वचनाचाच आधार आहे. कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस हिच्यासाठी ग्रीकमध्ये या शब्दाचे खास स्त्रीलिंगी रूप वापरले आहे, आणि नव्या करारात ते तेवढ्या एकाच ठिकाणी येते. तिने उपदेश केल्याचा उल्लेख नाही. तिच्या मृत्यूनंतर पेत्र माडीवर येतो, तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवतात, आणि तिची सत्कृत्ये, दानधर्म व ही वस्त्रे हाच तिच्या शिष्यपणाचा पुरावा लूक (कृत्यांचा लेखकही तोच मानला जातो) नोंदवतो. पाठपत्रिकेत अनेकवचनी मिश्र समूहासाठी ‘शिष्य’ ठेवावा. एकट्या स्त्रीविषयी लिहिताना ‘शिष्या’ लिहावे. ‘स्त्री-शिष्य’ हा जोडशब्द मात्र टाळावा, कारण त्यात मूळ शब्द पुरुषांचाच आहे असे गृहीत धरले जाते.