जपून ठेवलेले बी मरते, तणाचे का मरत नाही?

प्रश्न (डिचोली, गोवा)
आमच्या घरी भेंडी, तवशी (काकडी) आणि मिरची यांचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवण्याची रीत आहे. गेल्या वर्षी मिरचीचे बी राखेत घालून मडक्यात ठेवले, तरी यंदा रोपे अगदी विरळ उगवली. उलट कित्येक वर्षे पडीक असलेला वाफा खणताच लाजाळू आणि तायखिळा (टाकळा) दाट उठला. लव्हाळा तर कितीही उपटला तरी पुन्हा वर येतो. असे का व्हावे?

उत्तर (फोंडा)
बियाण्याचे आयुष्य ओलाव्यावर फार अवलंबून असते. बियातील ओलावा एक टक्क्याने उतरला की ते साधारण दुप्पट काळ टिकते, असा ढोबळ नियम आहे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मडक्यातील बी तो ओलावा पुन्हा ओढून घेते. पूर्वी बियाणे चुलीच्या वर, धुराच्या उबेत टांगत असत. गॅस आला, चूल गेली आणि मडके तेवढे राहिले. आता बी सावलीत खडखडीत सुकवून, भाजून गार केलेल्या तांदळांसह घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

लाजाळू आणि तायखिळा यांच्या बियांचे कवच इतके टणक असते की ते झिजेपर्यंत पाणी आत शिरत नाही. इतर अनेक तणांचे बी उजेडाची वाट पाहत मातीत पडून राहते, म्हणून खणले की ते उगवते. अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांचे बी वाळूत मिसळून बाटल्यांतून पुरले होते. त्यांतील एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही काही बी रुजले.

उत्तर (सत्तरी)
लव्हाळा मुख्यतः बियांपासून नव्हे, जमिनीतील गाठींपासून पसरतो. उपटताना पाते हाती येते आणि गाठ खालीच राहते. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी असताना खोल खणून गाठी वेचाव्यात आणि कडक उन्हात सुकवाव्यात. एका वर्षात तो संपणार नाही. तायखिळा कोवळा असतानाच भाजीसाठी खुडावा, शेंग धरू देऊ नये.

प्रश्नकर्ता (डिचोली)
आभारी आहे. मिरचीचे जुने बी थोडे उरले आहे, ते टाकून द्यावे काय?

उत्तर (फोंडा)
मुळीच नको. त्यातले थोडे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. मिरचीला मोड यायला दोन आठवडेही लागतात. निम्मे रुजले तर उरलेले दाट पेरा, आणि त्याच झाडांवरच्या पिकलेल्या मिरच्यांतून नवे बी घ्या.