‘रिॲक्टर’ला घरात चालेल असा शब्द सुचवा

खाजणकाठ:
गणपती झाले की दोन आठवडे मी मुंबईला असेन आणि खाऱ्या पाण्याची टाकी बाबांच्या ताब्यात. दोनशे लिटरची आहे. क्लाउनफिशची जोडी, दोन गोबी मासे आणि काचेवर इतकं हिरवं शेवाळ, की दर तिसऱ्या दिवशी खरवडायला बसावं लागतं. शेवाळाला पोसणारं फॉस्फेट पाण्यात वाढलंय. म्हणून दोन उभ्या नळ्या जोडल्या. एकीत कोळसा, दुसरीत फॉस्फेट धरणारे फेरिक ऑक्साइडचे विटकरी दाणे. पंप पाणी खालून वर ढकलतो, ते आधी कोळशातून, मग दाण्यांतून जाऊन परत टाकीत पडतं.

बाजारात याला ‘मीडिया रिॲक्टर’ म्हणतात, मीडिया म्हणजे नळीत भरलेला माल. आता आम्ही पडलो राजापूर तालुक्यातले, माडबनचा सडा (खडकाळ माळ) फार लांब नाही. तिथल्या नियोजित जैतापूर अणुप्रकल्पाचे सहा रिॲक्टर, एकेक १७३० मेगावॅटचा, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. बाबांना म्हटलं, “रिॲक्टरवर जरा लक्ष ठेवा.” त्यांनी पेपर खाली ठेवला. “सड्यावर नको म्हणून आम्ही मोर्च्यात चाललो, तू घरात आणून बसवलास?”

नळ्यांवर चिठ्ठी चिकटवायची आहे. तर रिॲक्टर, मीडिया आणि ॲड्सॉर्प्शन या तिन्हींना बाबा हसणार नाहीत असे शब्द द्या.

शुद्धपक्ष:
शाळेच्या पुस्तकात ‘अभिक्रिया’, विश्वकोशात ‘विक्रिया’. दुसऱ्यावरून ‘विक्रियक’ सरळ होतो. अणुभट्टीतली ‘भट्टी’ मात्र इथे नको, तुमच्या नळीत काही तापत नाही. मीडियाला ‘माध्यम’.

जांभाखडक:
‘माध्यम’ नको हो. “माध्यम बदला” असं वाचून बाबा टीव्हीचं चॅनेल बदलतील.

आणि विक्रियक कशाचा? कोळशाच्या नळीत विक्रिया होतच नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याला पिवळट झाक आणणारी सेंद्रिय घाण कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटते, एवढंच. ॲड्सॉर्प्शनला ‘अधिशोषण’ हा शब्द आहे आणि तो नेमका आहे: अधि म्हणजे वर. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण, कोळसा अंगावर घेतो ते अधिशोषण. अंग केवढं, तर चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्या वर भरतो. पाच गुंठे! आमच्या भावकीत यापेक्षा कमी जागेवरून कोर्टात केस चालू आहे. म्हणून साधा करवंटीचा कोळसा चालत नाही. माल करवंटीचाच असतो बरेचदा, पण वाफेवर तापवून त्याला बारीक छिद्रं पाडलेली असतात.

दुसऱ्या नळीचं वेगळं आहे. तिथे फॉस्फेट लोखंडाशी पक्कं बांधलं जातं, झटकून सुटत नाही. म्हणजे ‘विक्रियक’ हा शब्द पहिल्या नळीला चूक आणि दुसरीला निम्मा बरोबर.

भातखाचर:
शेतीवाल्यांना विचारायचं राहिलं की. खतांच्या गोणीवर काय असतं? नत्र, स्फुरद, पालाश. त्यातलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस, तुमच्या फॉस्फेटचं मूळ. आणि तुमच्या नळीत जे चाललंय ते आमच्या तांबड्या जमिनीत कायमच चालतं. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, सुपर फॉस्फेट टाकलं की माती ते धरून बसते, पिकाला लागू होत नाही. याला ‘स्फुरदाचं स्थिरीकरण’ म्हणतात. आम्ही ज्याच्या नावानं बोटं मोडतो त्याचे तुम्ही पैसे मोजताय.

माझ्या मते ‘धरणे’ हे क्रियापदच घ्या. कोळसा रंग धरतो, दाणे स्फुरद धरतात. अधिशोषण परीक्षेला ठेवा.

खाजणकाठ:
हे आवडलं. मग जांभ्याच्या चिऱ्याचा चुरा टाकला तर फुकटात काम होईल का? (गंमत करतोय. अर्धवट.)

भातखाचर:
अजिबात नको. गाळ उठेल, पाणी लाल होईल आणि मातीतलं आणखी काय काय उतरेल ते वेगळंच.

मालवणी_बोंबील:
आमच्या मालवणात इतको इचार कोण करुचो नाय. कोळशाची नळी नि तांबड्या दाण्यांची नळी. झाला!

खाजणकाठ:
‘नळी’ पक्की. ‘दाणे’ पण. आता एक अडलंय. दुसऱ्या नळीत प्रवाह इतकाच ठेवायचा की वरचा थर जेमतेम हलेल. दाणे बसून राहिले तर त्यांचा गठ्ठा होतो, जोरात फिरले तर घासून पीठ होतं आणि टाकी गढूळ. इंग्रजीत याला ‘टम्बल’ म्हणतात. ‘गडगडणे’ लिहिलं तर बाबा व्हॉल्व पूर्ण उघडतील.

पेजपाणी:
मंद आचेवर उकड्या तांदळाची पेज पाहिली आहे ना? वर फुटत नाही, पण कण्या जागच्या जागी वरखाली होत असतात. तेवढंच. “पेजेसारखं हलू द्या, उतू जाऊ देऊ नका” असं लिहा, कोकणातला माणूस चुकणार नाही. कोळसा मात्र हलता कामा नये, तो ठिसूळ. वरखाली स्पंज लावून दाबून बसवा.

आणि नळीत भरण्याआधी दोन्ही धुताना ‘वॉश’ कशाला, ‘रोवळणे’ आहे की, रोवळीत (बांबूच्या टोपलीत) तांदूळ धुतात तसं. पाणी घाला, हलवा, वरचं काळं-तांबडं ओता, परत. निवळ पाणी येईपर्यंत.

शुद्धपक्ष:
रोवळणे चांगला शब्द, हल्ली कानावर येत नाही. विक्रियक मागे घेतो.

जांभाखडक:
एक राहिलं. दाणे पहिल्या खेपेला पुड्यावर लिहिल्याच्या निम्मेच भरा. फॉस्फेट एकदम खाली आलं तर टाकीतल्या जिवांना सोसत नाही. आणि नळी जोडल्यावरचं पहिलं पाणी बादलीत घ्या, टाकीत नको.

खाजणकाठ:
चिठ्ठी लागली:
“डावी, कोळशाची नळी: रंग धरते. हलता नये. उजवी, तांबड्या दाण्यांची नळी: फॉस्फेट धरते. पेजेसारखी हलू द्या. रविवारी टेस्ट किटने फॉस्फेट बघा. आकडा वर चढला तर जुने दाणे टाकून नवे भरा, भरण्याआधी आरओच्या पाण्यात रोवळून घ्या. पहिलं पाणी बादलीत.”

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली. पेजेला मान डोलावली. ‘रोवळून’वर बोट ठेवून म्हणाले, “रोवळी कोणती घ्यायची?” आतून आईचा आवाज आला, “माझी नाही.” उद्या बाजारातून नवी आणतोय.